आधी त्याची भाकरी

ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यानं कुत्रं पाळावंच कशाला?

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर त्यात वावगं काही नाही. पाहुणा आला तर कणीक किती भिजवायची याचा अंदाज घेऊनच परात पुढे ओढणाऱ्या बायका आपण. स्वतःच्या पोटाला पुरत नाही आणि वर आणखी एक तोंड, हा हिशेब आपल्याला पटत नाही. पण गेल्या वीस वर्षांत जगात अशा काही गोष्टी घडल्या की, हा प्रश्न उलटा करून विचारायची वेळ आली. बेघर माणसाजवळ जनावर का असतं? आणि ते त्याच्यापासून तोडायला गेलं की काय होतं? हे समजून न घेतल्यामुळे चांगल्या चांगल्या सरकारी योजना फसल्या, माणसं जिवानिशी गेली. आज त्याबद्दलच बोलू या.

बुडत्या शहरातला धडा

२००५ सालचा पाऊस आपण विसरलेलो नाही. २६ जुलैला मुंबई बुडाली. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कतरिना नावाचं वादळ लुइझियाना राज्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि जवळजवळ ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. लोकांना वाचवायला बोटी आल्या, बस आल्या, हेलिकॉप्टर आली. पण बहुतेक ठिकाणी नियम एकच होता: माणसांना घेऊ, जनावरांना नाही.

त्या दिवसांतली एक बातमी जगभर गेली. क्रीडागृहात आसरा घेतलेल्या लोकांना बसमध्ये चढवत होते. एका लहान मुलाच्या हातातलं छोटं पांढरं कुत्रं पोलिसानं काढून घेतलं. ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ अशा हाका मारत तो मुलगा इतका रडला की त्याला ओकारी झाली. घर गेलं, शाळा गेली, गाव गेलं, आणि उरलेलं एक कुत्रंही सरकारनं काढून घेतलं.

ही नुसती डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. पुढच्या वर्षी फ्रिट्झ इन्स्टिट्यूट या संस्थेनं पाहणी केली. जी माणसं सांगूनसुद्धा घर सोडून गेली नव्हती, त्यांना कारण विचारलं. त्यातल्या ४४ टक्के लोकांनी सांगितलं, जनावर मागे टाकायचं नव्हतं हे एक कारण होतं. म्हणजे पाणी उंबरठा ओलांडून आत आलंय, बोट दारात उभी आहे, आणि माणूस बोटीत बसत नाही. ज्या नियमामुळे बोटीत जागा वाचणार होती, त्याच नियमामुळे बोट रिकामी परत जात होती.

अमेरिकेच्या संसदेनं हे मनावर घेतलं. ऑक्टोबर २००६ मध्ये कायदा झाला. आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्यानं आणि शहरानं आपल्या आराखड्यात घरातल्या पाळीव प्राण्यांची सोयही दाखवली पाहिजे, असं त्यात ठरलं. खालच्या सभागृहात ३४९ मतं बाजूनं पडली आणि २४ विरुद्ध. एरवी कशावरही भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचं या एका बाबतीत एकमत झालं.

आता हे वाचून माणदेशातली किंवा बीडकडची एखादी वाचक म्हणेल, ‘अगं बाई, यात नवीन काय?’ तिचं बरोबर आहे. दुष्काळात आपल्याकडे चारा छावण्या लागतात त्या कशासाठी? गावात पाणी नाही, वैरण नाही, पण गोठ्यातलं जनावर सोडून माणूस हलत नाही. म्हणून जनावरालाच जिथे चारा-पाणी आहे तिथे नेलं जातं आणि त्याच्यामागे घरातलं माणूसही तिथेच राहतं. २०१२-१३च्या दुष्काळात चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं म्हसवडला अशी छावणी चालवली. २०१९च्या उन्हाळ्यात राज्यात हजारावर छावण्या होत्या आणि दहा लाखांच्या आसपास जनावरं त्यांत होती. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये सरकार देत होतं, पुढे ते १०० केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा शिरोळ, पलूसकडची किती तरी माणसं ‘आधी म्हसरं काढा, मग आम्ही येतो’ म्हणून पुरात बसून राहिली. छावणी ही आपली जुनी शहाणीव आहे: माणूस वाचवायचा तर त्याच्या जनावराला धरून वाचवावा लागतो.

अगदी अलीकडचं उदाहरण हवं तर २०२२चं युक्रेन युद्ध घ्या. तिथे शिकायला गेलेली आपली काही मुलं पाळलेल्या कुत्र्या-मांजरांना सोडून विमानात बसायला तयार नव्हती. केरळची एक विद्यार्थिनी आपल्या कुत्रीला घेऊन सीमेपर्यंत पायपीट करत गेली. शेवटी भारत सरकारनं नियम एकवार शिथिल केले आणि ही जनावरं मुलांबरोबर मायदेशी आली. तेव्हा काहींनी नाकं मुरडली, ‘इथे माणसांचे हाल आणि यांना कुत्र्यांचं पडलंय!’ पण एक लक्षात घ्या, तिथे प्रश्न मुलं सुखरूप परत येण्याचाच होता.

कुत्रं काय देतं?

गाय-म्हैस दूध देते, बैल नांगर ओढतो. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला कुत्रं काय देतं?

लेस्ली अर्विन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्या रस्त्यावरच्या माणसांना जाऊन भेटल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि २०१३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘माझं कुत्रं नेहमी आधी जेवतं’ असा होतो. रस्त्यावरची माणसं हे अभिमानानं सांगतात. मिळालेल्या अन्नातला पहिला वाटा जनावराचा, उरलं तर आपला. आपल्याकडे पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची म्हणतात. तिथे ज्याच्याकडे भाकरीच नाही, तो पहिला तुकडा कुत्र्याला देतो.

असं का? थोडा विचार केला तर कळतं. रस्त्यावरच्या माणसाकडे कुणी बघत नाही. बघितलं तरी नजर चुकवतं. दिवसभरात त्याला नावानं हाक मारणारं कुणी नसतं. अशा वेळी एक जीव असा असतो, जो त्याला पाहून शेपूट हलवतो, त्याची वाट बघतो, त्याच्या अंगाला अंग लावून झोपतो. शिवाय जनावरामुळे दिवसाला काही वळण लागतं. सकाळी उठायला हवं, पाणी शोधायला हवं, खायला घालायला हवं. आपण तुरुंगात गेलो किंवा नशेत पडलो तर याचं काय होईल, ही काळजी माणसाला सावरून धरते. लंडनचा जेम्स बोवेन हा रस्त्यावर गिटार वाजवून पोट भरणारा तरुण. हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडायची त्याची धडपड चालली होती. २००७ साली त्याला एक जखमी मांजर सापडलं. त्याची शुश्रूषा करता करता तो स्वतः उभा राहिला. २०१२ साली त्या दोघांवर पुस्तक आलं, २०१६ मध्ये चित्रपट आला.

आणि बायकांच्या दृष्टीनं एक गोष्ट फार महत्त्वाची. उघड्यावर झोपणाऱ्या बाईला रात्रीची भीती कसली असते, हे तुम्हाला-मला सांगायला नको. तिच्या उशाला कुत्रं असेल तर अंधारात कुणी जवळ आलं की ते गुरगुरतं. ना तिच्याकडे दार, ना कडी, ना कुलूप. कुत्रं हेच तिचं दार आणि तीच तिची कडी. ‘ते कुत्रं सोड आणि आत ये’ असं तिला आपण म्हणतो, तेव्हा तिच्याकडे असलेली एकमेव कडी आपण काढून मागत असतो.

निवाऱ्याच्या दारात

धर्मराजाची गोष्ट आठवते ना? भाऊ गेले, द्रौपदी गेली, आणि शेवटपर्यंत बरोबर चालत राहिलं ते एक कुत्रं. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला, कुत्र्याला आत जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मलाही नको. आपण ही गोष्ट मुलांना कौतुकानं सांगतो. पण थंडीच्या रात्री निवाऱ्याच्या दारात एखादा फाटका माणूस हेच बोलला, तर त्याला अडमुठा ठरवतो.

अमेरिकेत जानेवारी २०२४च्या गणनेत एका रात्रीत ७ लाख ७१ हजार ४८० माणसं बेघर आढळली. आदल्या वर्षापेक्षा हा आकडा १८ टक्क्यांनी जास्त होता. त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांजवळ प्राणी असावेत, असा अंदाज तिथल्या संस्था नेहमी देतात. टक्के लहान वाटतात, पण माणसं मोजली तर कित्येक हजार होतात. आणि तिथल्या पुष्कळ निवाऱ्यांत जनावरांना बंदी असते. म्हणजे पलंग रिकामा आहे, कर भरणाऱ्यांच्या पैशातून गादी-पांघरूण घेतलेलं आहे, आणि माणूस बाहेर फुटपाथवर कुडकुडतोय.

हे गणित सॅन फ्रान्सिस्को शहरानं २०१५ साली ओळखलं. तिथे नव्या पद्धतीचं निवारा केंद्र उघडलं. लोक निवाऱ्यात येत नाहीत त्याची मुख्य कारणं तीन, असं त्यांच्या लक्षात आलं होतं: जोडीदाराला वेगळं ठेवतात, गाठोडं बाहेर टाकायला लावतात आणि जनावर आणू देत नाहीत. नव्या केंद्रात तिन्ही गोष्टींना परवानगी दिली. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यानं निवाऱ्यांमध्ये जनावरांसाठी जागा, खाणं आणि प्राथमिक उपचार यांसाठी ५० लाख डॉलरची तरतूद केली. कुत्र्यांसाठी पैसा, म्हणून कुणी हसेलही. पण तो पैसा खरं तर माणसाला आत आणण्यासाठीच होता.

मात्र वारं उलटं फिरायलाही वेळ लागत नाही. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ग्रँट्स पास या ओरेगॉन राज्यातल्या छोट्या गावाच्या खटल्यात निकाल दिला. उघड्यावर पथारी टाकणाऱ्याला २९५ डॉलर दंड करण्याचा त्या गावाचा नियम होता. दंड करायला हरकत नाही, असं सहा विरुद्ध तीन न्यायाधीशांनी सांगितलं. त्यानंतर अनेक शहरांनी असेच नियम केले. जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनीही रस्त्यांवरच्या वस्त्या हटवण्यावर भर देणारा आदेश काढला. आता विचार करा, पोलिसांनी माणूस उचलला की त्याच्या कुत्र्याचं काय? ते पालिकेच्या कोंडवाड्यात जातं. ठरावीक दिवसांत सोडवायला यावं लागतं, पैसे भरावे लागतात. सुटून आलेल्या माणसाच्या खिशात काय असणार? शिक्षा दंडाची असते, पण त्याच्या हातून जातो तो त्याचा सोबती.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या टोकाकडून प्रयत्न झाला. माणूस बेघर होण्याआधीच त्याला थोपवायचा. भाड्याचं घर शोधताना ‘प्राणी चालणार नाहीत’ हे वाक्य तिथेही ऐकावं लागतं. २०२५ साली इंग्लंडसाठी भाडेकरूंचा नवा कायदा संमत झाला. भाडेकरूनं प्राणी पाळायची परवानगी मागितली तर सबळ कारण दिल्याशिवाय घरमालकाला नाही म्हणता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. महागाईच्या काळात ब्लू क्रॉससारख्या संस्थांनी तिथे प्राण्यांच्या खाण्याच्या पेढ्या चालवल्या. चार महिने घर तंगीत आहे म्हणून जनावर सोडून द्यायची वेळ येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

फुटपाथवरचे डॉक्टर

रस्त्यावरच्या जनावराला खायला मिळतं, लोक काही ना काही टाकतात. अडतं ते औषधपाण्याशी. क्वानी स्ट्युअर्ट हे कॅलिफोर्नियातले पशुवैद्य. २०११ साली मोडेस्टो गावात एका बेघर माणसाचं कुत्रं त्यांना दिसलं. पिसवांमुळे त्याची कातडी सोलवटून निघाली होती. औषध अगदी किरकोळ किमतीचं. ते दिलं आणि काही दिवसांत कुत्रं बरं झालं. तेव्हापासून ते गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून रस्त्यावर फिरू लागले. २०२३ साली सीएनएन वाहिनीनं त्यांना वर्षाचा मानकरी म्हणून गौरवलं. कोलोरॅडोमध्ये जॉन गेलर या पशुवैद्यानं २०१५ साली असंच काम उभं केलं. लंडनमध्ये जेड स्टॅट आणि सॅम जोसेफ या दोघांनी २०१६ साली ‘स्ट्रीटव्हेट’ सुरू केलं. आठवड्याच्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यावर हे डॉक्टर येतात. लस, जंताचं औषध, जखमेवर पट्टी, आणि मोठं काही असेल तर दवाखान्यात शस्त्रक्रिया, सगळं मोफत.

यातला एक अनुभव मला फार बोलका वाटतो. जो माणूस सरकारी अधिकाऱ्याशी बोलत नाही, स्वतःच्या खोकल्यासाठी दवाखान्यात जात नाही, तो कुत्र्याला घेऊन मात्र या डॉक्टरांकडे रांगेत उभा राहतो. म्हणून गेलर यांच्या शिबिरांत एकीकडे जनावरं तपासतात, तर दुसरीकडे त्यांच्या मालकांचा रक्तदाब पाहतात. आईला दवाखान्यात आणायचं असेल तर बाळाला लस टोचायचं निमित्त करावं लागतं, हे आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताई कधीपासून जाणतात. युक्ती तीच आहे.

मारणारा नवरा आणि मागे राहिलेलं मांजर

बेघर होण्याचा आणखी एक रस्ता आहे. तो घरातूनच निघतो, आणि त्यावरून बहुतेक वेळा बाईच चालते. मारहाण असह्य झाली की ती घर सोडते. पण सोडत का नाही, याची जी कारणं आपण मोजतो, मुलं, समाज, पैसा, माहेरची लाज, त्यात एक कारण मोजायचं राहून जातं.

१९९८ साली यूटा राज्यातल्या एका मानसशास्त्रज्ञानं महिलांच्या आधारगृहातल्या ३८ जणींशी बोलून अभ्यास केला. ज्यांच्या घरी प्राणी होता, त्यांतल्या ७१ टक्के जणींनी सांगितलं की, नवऱ्यानं किंवा जोडीदारानं प्राण्याला मारायची धमकी दिली होती किंवा खरोखर इजा केली होती. पाचांतली जवळजवळ एक जण म्हणाली, प्राण्याच्या काळजीपायी मी घर सोडायला उशीर केला. अभ्यास लहान होता, पण त्यानं एक मोठी गोष्ट उजेडात आणली. बाईला वठणीवर आणायचं तर तिच्या मांजरावर हात उगारला तरी पुरतो, हे मारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पुढे त्यावर उपाय निघत गेले. ब्रिटनमध्ये डॉग्ज ट्रस्ट या संस्थेनं २००४ साली योजना सुरू केली. मारहाणीतून सुटणाऱ्या बाईचं कुत्रं काही महिने दुसऱ्या घरी गुप्तपणे सांभाळायचं आणि ती स्थिरस्थावर झाली की परत द्यायचं. २००६ साली अमेरिकेतल्या मेन राज्यानं कायदा केला, संरक्षणाच्या आदेशात न्यायाधीशांना प्राण्याचाही समावेश करता येईल. नंतर बहुतेक राज्यांनी तो कित्ता गिरवला. न्यूयॉर्कमध्ये २०१३पासून एका मोठ्या संस्थेच्या आधारगृहांत बाई, मुलं आणि त्यांचं जनावर एकत्र राहू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनंही अशा सोयींसाठी अनुदानाचा कायदा केला.

आपल्याकडे? २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा चांगला आहे. त्यात राहत्या घराचा हक्क आहे. स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. प्राण्याचा वेगळा उल्लेख मात्र नाही. आणि आपल्या गावाकडे ‘पाळीव प्राणी’ म्हणजे सोफ्यावरचं पॉमेरेनियन नव्हे. तिनं बचत गटाच्या कर्जातून घेतलेली शेळी असते, माहेरून आलेली पाडी असते, सात-आठ कोंबड्या असतात. तिच्या नावावर शेत नाही, घर नाही. पण ही शेळी तिची असते. मारहाण करून बाहेर काढलेल्या बाईला आधारगृहात जागा मिळेलही, पण शेळीला कोण घेणार? मग ती शेळी नवरा बाजारात विकतो आणि बाईचा परत उभं राहण्याचा एकुलता एक आधार जातो. समुपदेशन करणाऱ्या ताईंनी ‘तुझी जनावरं कुठे आहेत?’ हा एक प्रश्न पहिल्या भेटीत विचारला, तर तक्रार लिहितानाच त्या शेळीची नोंद करता येईल.

आपल्या स्टँडवरचा मोत्या

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली. महाराष्ट्रात त्यांतली २ लाख १० हजारांहून जास्त होती. शहरात एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून पुढे आलं. पण आपल्या लहान गावांची लोकसंख्याच लाखाच्या आत. त्यामुळे आपल्याकडचा बेघर माणूस राहतो तो एसटी स्टँडवर, रेल्वेच्या पुलाखाली, देवळाच्या ओवरीत. आणि त्याच्या पायाशी एखादा मोत्या किंवा काळू असतोच.

या मोत्याला गळ्यात पट्टा नाही, पालिकेचा परवाना नाही, मालकाला पत्ता नाही. त्यामुळे कायद्याच्या नजरेत तो पाळीव नाहीच, तो भटका. ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात पेटला. ११ तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून कायमची आत ठेवा असा आदेश आला. २२ तारखेला मोठ्या पीठानं तो बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री होती तिथे परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र नाही. मग ७ नोव्हेंबर २०२५ला न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हटवायला सांगितलं आणि ती तिथे पुन्हा सोडू नयेत असंही म्हटलं. शाळेच्या आवारात पोरांना चावे बसतात, दवाखान्यात कुत्री फिरतात, तेव्हा या आदेशामागची काळजी कुणालाही समजेल. मीही आई आहे, मलाही समजते. पण स्टँड आणि स्टेशन ही जशी कुत्र्यांची ठिकाणं, तशीच ती बेघर माणसांची ठिकाणं आहेत. पालिकेची गाडी येते तेव्हा ती ‘हे कुत्रं कुणाचं?’ असं विचारत नाही. त्या म्हातारबुवांनी ‘साहेब, माझं आहे’ म्हटलं तरी कागद कुठून दाखवणार?

म्हणूनच मला वाटतं, उपाय कुत्रं हटवण्याच्या आधी सुरू व्हायला हवा. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, पण तो लसीनं टाळता येतो. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्यानं ते करून दाखवलं. २०१४पासून तिथे घरोघरची आणि रस्त्यावरची कुत्री शोधून लस टोचली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ साली राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. रस्त्यावरचं भेदरलेलं कुत्रं पकडायला जाळी लागते, चार माणसं लागतात. बेघर माणसाचं कुत्रं त्याच्या मांडीवर बसून मुकाट सुई टोचून घेतं. सगळ्यात सोपी लस तिथेच देता येते, आणि तिथेच ती द्यायची राहते.

आपल्याला काय करता येईल?

फार मोठं काही नको. बचत गटाची किंवा महिला मंडळाची एक बैठक पुरे.

पहिलं म्हणजे, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विनंती करा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला लसीकरणाची शिबिरं होतात. त्यातलं एक स्टँडजवळ घ्यायला सांगा. लस टोचल्याची तारीख लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या माणसाच्या हाती द्या आणि कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधा. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे, पण उद्या गाडी आली तर ‘हे कुत्रं माझं आहे’ म्हणायला त्याच्याकडे पुरावा राहील. मादी असेल तर निर्बीजीकरणाचंही बघा, नाही तर वर्षाला दोनदा पिल्लांचा प्रश्न उभा राहतो.

दुसरं, तुमच्या शहरात पालिकेचा बेघर निवारा असेल तर नगरसेविकेला भेटा. आत नको म्हणत असतील तर आवारातल्या एका कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा, साखळी बांधायला कडी, पाण्याचं एक भांडं आणि दोन गोणपाटं, एवढंच मागा.

तिसरं सगळ्यात गरजेचं आहे. असा माणूस आजारी पडला आणि त्याला दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं, की तो ‘नको’ म्हणतो. आपण म्हणतो, अडाणी आहे. तो कुत्र्यासाठी नको म्हणतोय का, हे विचारून पाहा. चार दिवस त्याला भाकरी घालायची आणि त्याच्यावर नजर ठेवायची हमी कुणी एकीनं घेतली, तर तो माणूस सलाइन लावून घेईल.

आणि एक गोष्ट करू नका. दया आली म्हणून ते कुत्रं त्याच्याकडून काढून ‘चांगल्या घरी’ देऊ नका. आपल्या नजरेत ते उपाशी असतं. त्याच्या नजरेत ते घर असतं.

माणसं उपाशी असताना कुत्र्यांचं कशाला, हा सवाल मग उरत नाही. कारण इथे मदत माणसालाच होते, वाट फक्त कुत्र्यावरून जाते. पुढच्या वेळी गाडीची वाट बघताना स्टँडवरचे ते म्हातारबुवा आणि त्यांचा मोत्या दिसला, तर ‘याला कशाला पाळलंय?’ असं विचारू नका. ‘बाबा, याला इंजेक्शन दिलंय का?’ एवढं विचारा. नाही म्हणाले, तर पुढचं काम काय ते तुम्हाला माहीत आहे.